कोरडी पाठ

४ मार्च

धाकटीला आशीर्वाद,

तू पत्र लिहीत नाहीस म्हणून मीच लिहिते. थोरलीच्या नशिबी हेच असतं, मोठेपणाही तिचा आणि हात दुखवून घ्यायचे तेही तिनेच.

उद्या-परवा तू काचा घासतेस त्या चष्म्याच्या दुकानाशी एक टेम्पो येईल. त्यात सायकल आहे, ती उतरवून घे. घरच्या पत्त्यावर मुद्दामच पाठवली नाही. भाऊजींनी एकट्याने पाहिली असती तर टेम्पोसकट परत धाडली असती. सायकल बॅटरीची आहे.

दोन वर्षांपूर्वी ह्यांचा गुडघा फुटला तेव्हा डॉक्टर म्हणाले, मांडी वाळत चालली आहे, सायकल चालवा, पण अशी, जी थोडा भार स्वतः उचलते. मी घेऊन आले. हे म्हणाले, मोटारीच्या सायकलीवर बसण्यापेक्षा लंगडत मरेन. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. तेव्हापासून ती खोलीत उभी आहे आणि मी तिच्यावर टॉवेल वाळत घालते. मामंजींनी दोन्ही मुलांना चालता येण्याआधी सायकलवर बसवलं होतं, त्यांच्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार?

चालवायला सोपी आहे. पाय मारल्याशिवाय जागची हलत नाही, एवढं लक्षात ठेव. तू पाय मारशील तेव्हाच मोटार मागून जोर देते. हँडलवर आकडे आहेत. चार म्हणजे जोर जास्त, एक म्हणजे कमी, शून्य म्हणजे तू आणि तुझं नशीब. भाऊजी तोंड वाकडं करतील. करू दे.

तुझी जाऊबाई

१९ मार्च

जाऊबाई, नमस्कार.

सायकल पोचली. दुकानाचे मालक टेम्पोवाल्याला म्हणाले, "आता चष्म्याबरोबर गाड्याही विकायच्या का?" पण मागच्या दाराशी ठेवायला जागा दिली. पत्र यापुढेही दुकानावरच पाठवा. घरचं टपाल सर बघतात, फोनही बघतात. (तुमचे भाऊजी. सगळं गाव सर म्हणतं, मग मी तरी वेगळं काय म्हणू.)

आता गंमत ऐका. आमचं घर चढावर, दुकान खाली. जाताना वारा खात जायचं आणि येताना जीव जायचा, म्हणून मी बसने जात होते. सायकल फक्त रविवारी, सरांबरोबर पाण्याच्या टाकीच्या चढावर. वर पोचले की मी रस्त्याच्या कडेला ओकायची आणि सर घड्याळ बघत उभे राहायचे. आता रोज दोन वेळा सायकल. मंडईत सायकल. परवा दुकान लवकर बंद झालं तर उगाच तलावापर्यंत जाऊन आले. पाय दुखतात, पण आपले वाटतात. मोटारीने माझे कष्ट कमी केले की वाढवले, तुम्हीच सांगा. पूर्वी आठवड्यातून एकदा चालवायची, तीही ओकण्यासाठी.

सर म्हणाले, "घरात मोपेड आली." शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथे ते चारचाकी मोटारीने जातात. हे मी मनात म्हणाले.

त्यांनी एक नवीन काढलंय. मी दारात आले की शर्टाच्या आतून पाठीवर हात ठेवतात. पाठ ओली असली तर "शाबास". कोरडी असली तर मोटारीने फुकट आणलं, म्हणून त्या दिवशी मला ताट नाही. मामंजींचं ब्रीदच होतं ना, घाम नाही तर घास नाही. त्यामुळे या पंधरवड्यात वजनही उतरलंय. बघा, तुमच्या सायकलीचे किती फायदे.

तुमची धाकटी

२८ मार्च

धाकटे,

पाठीचं वाचलं. ते नवीन नाही, त्या घरची जुनीच रीत आहे. शेवटच्या चढाला आकडा एकवर आणत जा, म्हणजे पाठ आपोआप ओली होईल आणि कुणाला काही बोलायला जागा राहणार नाही. वाद घालू नकोस. दुकानात जाताना डबा मोठा ने आणि दुपारीच पोटभर जेवून घे.

हेसुद्धा तरुणपणी तापट होते. आता गाय झालेत. वेळ लागतो. घरातलं घरात राहू दे, झाकली मूठ सव्वा लाखाची.

तलावावर गेलीस ते बरं केलंस. मीही एकदा जाणार होते.

जाऊबाई

३० एप्रिल

जाऊबाई,

अक्षर वाचता येत नसेल तर माफ करा. उजव्या हाताची दोन बोटं बांधलेली आहेत, म्हणून डाव्याने लिहिते आहे. काचा घासणं बंद. मालकांनी गल्ल्यावर बसवलंय, तिथे मी गिऱ्हाइकांना त्यांच्याच नंबरबद्दल सल्ले देते.

मधल्या काळात मी इथली वीरांगना झाले, ते सांगते. एका रविवारी सरांची सायकलवाली मंडळी चहाला आली होती. दातांचे डॉक्टर, विमावाले, आणि एक फार उंच आहेत, त्यांना सगळे उंट म्हणतात. सरांनी माझी सायकल अंगणात उभी करून प्रवचन दिलं. "ही म्हणजे पायांना पेन्शन. माणूस वर पोचतो, पण स्वतः जात नाही, त्याला पोचवतात." दातांचे डॉक्टर म्हणाले, "बोलता कशाला, मोजून बघू." त्यांच्याकडे छातीला बांधायचा पट्टा असतो, ठोके मोजणारा. पुढच्या रविवारी मला तो बांधला आणि सगळे मिळून टाकीच्या चढावर गेलो. मी आकडा दोनवर ठेवला होता.

जाऊबाई, मी सरांच्या पुढे पोचले. ओकले नाही. ठोके पाहिले तर त्यांच्यापेक्षा थोडेच कमी. डॉक्टर म्हणाले, "हा आराम नव्हे, हा व्यायाम आहे. आणि आपण आठवड्यातून एकदा येतो, वहिनी रोज चढतात. हिशेब केला तर यांचा घाम आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त निघेल." उंट म्हणाले, "सर, आता शाळेत वहिनींनाच पाठवा." सगळे हसले. सर सगळ्यांत मोठ्याने हसले.

त्याच दिवशी घरी आल्यावर सायकल उलटी करून मी चाक पुसत होते. चाक फिरत होतं, बोटं गेली. माझाच वेंधळेपणा. दुसरं काय.

धाकटी

६ मे

धाकटे,

फिरत्या चाकात बोटं आपण होऊन जात नाहीत. चाक पुसणारा माणूस आधी चाक थांबवतो.

ह्यांच्या डाव्या करंगळीला गाठ आहे. लहानपणी चेंडू लागला म्हणून सांगतात. चेंडू नव्हता. चढावर पाय टेकला म्हणून मामंजींनी चाक जोरात फिरवलं आणि ह्यांचा हात धरून तारांत घातला. भाऊजी तेव्हा सहा-सात वर्षांचे, समोर उभे राहून बघत होते. ह्यांनीच एकदा सांगितलं, अंगात ताप होता तेव्हा. शुद्धीवर असताना त्यांनी ते कधीच सांगितलं नसतं.

मला खोटं लिहू नकोस. तू जे खोटं विकत घेतेस ना, त्या दुकानाची मी जुनी गिऱ्हाईक आहे. 'कपाटाचं दार लागलं.' 'पाय घसरला.' 'माझाच वेंधळेपणा.' सगळे माल माझ्या ओळखीचे आहेत. मागच्या पत्रात मी तुला झाकली मूठ म्हणाले, ते विसर.

मामंजींनी वाटणीत दोन मुलांना दोन पंप दिले होते. पितळेचे, लाकडी मुठीचे, सायकलच्या दांडीला अडकवायचे. भाऊजींचा कुठे असतो? तो कशाकशाला वापरतात? खरं लिही.

किंवा लिहू नकोस, निघून ये. घाट ओलांडला की आमचं गाव. बस पकड आणि ये.

जाऊबाई

१५ मे

जाऊबाई,

खरं हवंय, तर घ्या.

मी चाक पुसत नव्हते. ते म्हणाले, "मला मागे टाकतेस?" आणि माझं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने पेडल फिरवत होते. चाकाच्या तारा दिसेनाशा झाल्या तेव्हा हात आत घातला. हाडाचा आवाज चाकाच्या आवाजात कळला नाही. मला वाटलं तारच तुटली. मग त्यांनी सायकल नीट सरळ उभी केली, चाकावरचं रक्त फडक्याने पुसलं आणि मला दवाखान्यात नेलं. तिथे मला "माझाच वेंधळेपणा" असं म्हणायला लावलं. पट्टी होईपर्यंत माझ्या डोक्यावरून हात फिरवत बसले होते. नर्स म्हणाली, नशीबवान आहात.

पंप दाराच्या मागे खिळ्याला असतो. पाठीवर आणि मांड्यांवर. जिथे कपडा असतो तिथेच.

आणखी ऐका. चढ चढून पाठ ओली होईना, पाय सरावले होते, म्हणून मी दुकानाच्या नळावर ओंजळभर पाणी घेऊन पाठीवर मारून निघायची. आठ-दहा दिवस खपलं. एके दिवशी सरांनी पाठीवर हात ठेवला आणि मग ते बोट तोंडात घातलं. म्हणाले, "घाम खारट असतो." डाव्या कानाखाली मारलं. मग पुन्हा तिथेच, पुन्हा तिथेच. त्या कानाने आता गिऱ्हाईक काय म्हणतं ते कळत नाही. मी मान वळवून ऐकते आणि लोकांना वाटतं किती लक्ष देऊन ऐकते.

तेव्हापासून मोटार बंद. शून्यावर. पंचवीस किलोचं धूड ओढत रोज चढते. घाम खरा हवा ना त्यांना. पहिले काही दिवस अर्ध्यावर उतरून रडले. आता उतरत नाही. बॅटरी रोज चार्जला लावते, म्हणजे त्यांना वाटावं मी वापरते. का कोण जाणे, पण त्यांना न कळू देता केलेली तेवढी एकच गोष्ट माझ्याकडे आहे.

आणि आता तुमचं. तुम्ही मला बघायला आला होतात. दोन वेळा चहा घेतलात. माझ्या आईला म्हणालात, "मुलगा शिस्तीचा आहे." तुम्हाला तेव्हा सगळं माहीत होतं. आणि आता म्हणता ये. कुठे येऊ? त्यांच्या सख्ख्या भावाच्या घरी? आगीतून उठून फुफाट्यात? ते मला संध्याकाळच्या बसने परत पाठवतील आणि वर सांगतील, चूक झाली, सांभाळून घे. मग काय होईल ते मला माहीत आहे. सरांनी सांगितलंय, पुन्हा कधी पुढे गेलीस तर आधी गुडघे.

धाकटी

२१ मे

धाकटे,

हो, माहीत होतं.

तुला बघायला आले त्या दिवशी माझीही पाठ ओली होती. टॉवेल भिजवून शर्टाच्या आत घातला होता. त्या घरात ती हिकमत आधी मी शोधली. ह्यांनी चाटून पाहिलं नाही, एवढंच माझं नशीब. तुझ्या आईसमोर तोंड उघडलं असतं तर घरी पोचेपर्यंत माझ्या पोटऱ्यांची चाळण झाली असती. भ्याले. हे कारण म्हणून सांगते, सबब म्हणून नाही. तुला शिव्या द्यायच्या तर दे, पण इथे येऊन दे.

आता हे गाय कसे झाले ते ऐक. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी आम्ही सायकलींवर फिरून आलो. घराजवळच्या चढावर माझा पाय लटपटला, मी उतरले आणि सायकल ढकलत आणली. सायकलींच्या खोलीत आल्यावर ह्यांनी दार लावलं आणि दांडीचा पंप काढला. "उतरलीस?" फटका. "कुणाला विचारून उतरलीस?" फटका. पोटऱ्यांवर, एकाच जागी. मी खाली पडले तेव्हा कमरेवर. मामंजी मोजून मारायचे म्हणतात, हे मोजतही नव्हते. मारता मारता दमले. मारायलाही श्रम पडतात ना. कपाळावरचा घाम डोळ्यात गेला, तो पुसायला त्यांनी पंप सायकलच्या सीटवर ठेवला.

मी तो उचलला. उभी राहिले नाही, राहता येत नव्हतं. बसूनच मारला. पहिला चुकला, भिंतीचा पोपडा उडाला. दुसरा गुडघ्यावर बसला. सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज झाला आणि हे माझ्यासमोर खाली आले. तिसरा मारायची काही गरज नव्हती. तो मी मारला.

मग आम्ही दोघं तसेच जमिनीवर बसून राहिलो. त्यांचा गुडघा भलत्याच दिशेला गेला होता. मी विचारलं, "डॉक्टरांना काय सांगायचं?" ते म्हणाले, "उतारावर पडलो, सांग." मी त्यांची सायकल बाहेर रस्त्यावर नेऊन आडवी टाकली आणि शेजाऱ्यांना हाक मारली. भाऊजी भेटायला आले तेव्हा ह्यांनी त्यांनाही तेच सांगितलं, वळण कसं होतं, वाळू कशी होती. बायकोने गुडघा फोडला हे त्यांना तोंडाने म्हणता येईना. आणि मला म्हणायची वेळ आली नाही.

तेव्हापासून आमच्या घरात शांतता आहे. प्रेम म्हणत नाही मी. शांतता. पंप माझ्या उशाखाली असतो आणि ते त्यांना माहीत आहे. तुला परत पाठवायची त्यांची हिंमत नाही. तू ये.

जाऊबाई

१ जून

जाऊबाई,

घाईत लिहिते, मालक टपाल घेऊन निघालेत.

परवा मी सरांना उलट बोलले. तुमचं पत्र वाचून बोलले असेन. ते पाठीला हात लावायला आले तेव्हा मी म्हणाले, "तुम्ही शाळेत मोटारीने जाता, तुमची पाठ कोण बघतं?" एवढंच. पंप वाकला. माझ्या पाठीवर पितळ वाकलं, जाऊबाई. मग तो त्यांनी गुडघ्यावर धरून सरळ केला, कारण मामंजींची आठवण आहे.

नंतर सायकलची बॅटरी काढली आणि शाळेत खेळाच्या सामानाच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. माझा बसचा पास, पाकीट, फोन सगळं घेतलं. सायकल तेवढी दारात ठेवली. म्हणाले, "आता जा कुठे जायचंय तिथे. पंचवीस किलोचं लोखंड आहे, ढकलत ने." आणि खरंच मनापासून हसले. विजेशिवाय मी दहा पावलंही जाणार नाही याची त्यांना इतकी खात्री आहे, की सायकलला कुलूपसुद्धा लावलं नाही.

रविवारी ते मंडळींबरोबर बाहेर पडतात. ते वळले की मी निघते. श्वास घेताना कुशीत दुखतं, पण पाय ठीक आहेत.

घाट मी कधी चढलेले नाही. पोचले नाही तर मालकांना सांगा, माझ्या हाताखालची काच अजून घासायची राहिली आहे.

धाकटी

१२ जून

भाऊजींना,

आशीर्वाद लिहिण्याची पद्धत आहे, पण या वेळी हात वळत नाही.

तुमची बायको माझ्याकडे आहे. हे तुम्हाला माहीत आहेच, पण नंतर कळलं नाही असं नको, म्हणून लिहून कळवते. दोन बरगड्या मोडल्या आहेत, डाव्या कानाचा पडदा फाटला आहे, पाठ मानेपासून कमरेपर्यंत काळीनिळी. इथल्या डॉक्टरांना तिने सगळं खरं सांगितलं. या घरातल्या बाईने डॉक्टरला खरं सांगायची ही पहिलीच वेळ. त्यांनी फोटो काढले, ते माझ्याकडे आहेत.

बाकी हकिगत तिने मला सांगितली. रविवारी घरी येऊन बघता तर बायको नाही, सायकल नाही. शहाण्या माणसाने सायकलच्या मागे जावं. पण बॅटरी तुमच्या कपाटात होती, त्यामुळे ती सायकलवर गेली असेल हे तुमच्या डोक्यातच आलं नाही. आधी बस स्टँड पालथं घातलंत. मग मालकांच्या घरी जाऊन त्यांची कॉलर धरलीत. मग तिच्या आईकडे गेलात. दुपार झाली तेव्हा तुमच्या त्या उंटांनी फोन करून सांगितलं की वहिनी घाटात दिसल्या, पाय मारत होत्या. हे सगळं तुम्हीच तिला घाटात ओरडून सांगितलंत, फटक्यांच्या मधे मधे. तुमची शिस्त तिच्या कामी आली, भाऊजी. मोटारीशिवाय बाईमाणूस चढ चढत नाही, या तुमच्या सिद्धांताने तिला अर्धा दिवस मिळवून दिला.

मोटारगाडी घेऊन आला असतात तर तिचं काही खरं नव्हतं. पण तुम्हाला सायकलवरच गाठायचं होतं. चौथ्या वळणावर गाठलंत. शेजारी आलात, एका हाताने हँडल, एका हातात पंप. पहिला फटका पाठीवर. दुसरा बरगड्यांवर. ती म्हणते, दुसऱ्याला डोळ्यांपुढे अंधार आला, पण पाय थांबले नाहीत, कारण महिनाभर त्यांना थांबायची सवयच राहिली नव्हती. तिसऱ्या फटक्याला तुम्ही गुडघ्यावर नेम धरून वाकलात आणि तिने हँडल तुमच्या बाजूला वळवलं. तुमची सायकल केवढी हलकी, किती अभिमान तुम्हाला तिचा, एका बोटाने उचलून दाखवता. तिच्यावर पंचवीस किलोचं लोखंड आणि वर एक बाई, सगळ्या वजनानिशी आली. चाक दुमडलं. तुम्ही कठड्यावर आपटलात आणि खालच्या दगडांत गेलात.

ती थांबली नाही. तुम्ही हाका मारत होता, तिला फक्त उजव्या कानाने ऐकू आल्या. वळून पाहिलंस का म्हणून मी तिला विचारलं, तर म्हणाली, "चढ होता ना. चढावर मागे बघितलं की लय तुटते."

संध्याकाळी दारात आली तेव्हा सायकलवरून उतरता येईना, आम्ही दोघांनी उतरवली. ह्यांनी तिच्या शर्टाची मागची बाजू पाहिली, ती घामाने भिजली होती आणि मध्ये मध्ये रक्ताने. ते लंगडत आत गेले आणि पाणी तापत ठेवलं. त्यांना रडताना मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. कोणासाठी रडत होते ते मी विचारलं नाही.

आता तुमच्याबद्दल. खांद्याचं हाड मोडलंय आणि पायात सळई घातली आहे असं कळलं. ट्रकने हूल दिली, असं तुम्ही शाळेत आणि मंडळींना सांगितलंत म्हणे. चांगलं केलंत. ट्रकचा नंबर कुणी विचारत नाही. ह्यांना तुमचा फोन आला तेव्हाही तुम्ही ट्रकच सांगितलात. ह्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "घाट वाईट आहे."

तीच गोष्ट सांगत राहा. तपशील बदलू नका. बायकोने पाडलं असं म्हणालात तर पुढचा प्रश्न येईल की कशी, आणि मग ती बॅटरी तुमच्या कपाटात होती हेही सांगावं लागेल, आणि मग मी फोटो घेऊन येईन. ट्रकच बरा. कुठे अडलं तर तुमच्या दादांना विचारा. दोन वर्षांपूर्वी उतारावर वाळू होती, असं तेही सांगत आलेत. खरं काय होतं ते तुम्हाला सांगायची मी त्यांना कालच परवानगी दिली आहे. एकदा फोन करून नीट ऐकून घ्या, आणि ऐकताना स्वतःच्या चांगल्या पायावर हात ठेवून बसा.

एक काम आहे. इथे चष्म्याचं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, बोटं बरी झाली की ती तिथे रोज जाणार म्हणते. आकडा दोनवर ठेवून जाईन, म्हणते. मोटारीची तिला लाज वाटत नाही, आणि पाठ ओली की कोरडी ते आता ती स्वतः ठरवेल. तेव्हा शाळेच्या कपाटातून बॅटरी काढून पाठवून द्या. नीट गुंडाळून टेम्पोने पाठवा.

स्वतः आणून देऊ नका.

वहिनी